एका नावावरची जोडी

हौशीराम थोरातला लालमहंमदच्या मोडक्या पायाचा हेवा वाटत होता. हसू नका. दुसऱ्याच्या जमिनीचा, गाडीचा, पोराच्या नोकरीचा हेवा कुणालाही वाटतो, त्यात विशेष काही नाही. पण जोडीदाराचा पाय खुब्यापासून मोडला, डॉक्टरांनी आत लोखंडी सळई घातली, तो काखेत कुबडी घेऊन चालायला लागला, आणि हे आपल्या वाट्याला का आलं नाही म्हणून जो माणूस तळमळतो, तो हेव्यातला पक्का गडी म्हणायचा. निमोण्याचा हौशीराम तसा पक्का होता.

दोघांची जोडी वीस वर्षांची. काम सळई बांधण्याचं. हौशीराम निमोण्याहून निघायचा, लालमहंमद तळेगाव ढमढेऱ्याहून. सकाळी सातला न्हावऱ्याच्या फाट्यावर गाठ पडायची. एकाची मोटारसायकल चहावाल्याच्या दारात लागायची आणि दुसऱ्याच्या गाडीवर डबलसीट बसून दोघं चौफुला, पाटस, दौंड, जिथं काम चालू असेल तिथं जायचे. कॉलमच्या उभ्या सळयांना आडव्या रिंगा तारेनं आवळायच्या. लालमहंमदनं रिंग धरायची, हौशीरामनं हुक घालून तार पिळायची. एकट्याचं हे कामच नव्हे. म्हणून मुकादमही हजेरी जोडीचीच लिहायचा. रजिस्टरात नाव एकाचंच आणि त्याच्यापुढं दोन माणसांची रोजंदारी. शनिवारी पगार त्या नावाच्या माणसाच्या हातात पडायचा, तो गेटबाहेर आल्यावर निम्मा जोडीदाराला द्यायचा. नाव कुणाचं लावायचं याला मजुरांत कुणी महत्त्व देत नसे.

यांच्या जोडीला नाव लालमहंमदचं होतं, आणि ते लावायला सांगितलं होतं खुद्द हौशीरामनं.

त्याचं कारण असं की निमोण्यात थोरातांचं घर मोठं. चुलतभाऊ सरपंच होऊन गेलेला, पुतण्या विक्रम आता सोसायटीचा चेअरमन. हौशीरामच्या वाटणीला आलेली जमीन कमी आणि खडकाळ, म्हणून त्याला कामाला बाहेर पडावं लागलं. पण थोरातांचा माणूस रोजंदारीवर लोखंड वाहतो, हे कुणाच्या कानावर जाणं त्याला मरणाहून वाईट वाटे. गावात त्यानं सांगून टाकलं होतं, ‘मी साइटवर सुपरवायझर हाय.’ रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट, कडक टोपी घालून तो घराबाहेर पडायचा आणि कामाचे कपडे पिशवीत घालून न्यायचा. साइटवर पोचला की वाळूच्या ढिगामागं जाऊन कपडे बदलायचा. संध्याकाळी पुन्हा पांढरा शर्ट. आपलं नाव रजिस्टरात लागलं आणि मुकादमाच्या तोंडून गावात गेलं तर काय, या धास्तीनं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “नाव लाल्याचं लिव्हा. आपल्याला नावाची हौस न्हाई.” नाव हौशीराम असलेल्या माणसानं हे सांगावं, म्हणून मुकादम हसला होता.

लालमहंमदचं तसं नव्हतं. त्याचा बाप गवंडी, आजा गवंडी. बांधकाम मजुरांसाठीच्या सरकारी कामगार मंडळाचं कार्ड निघतंय म्हटल्यावर तो दोन फोटो घेऊन शिरूरला गेला आणि नोंद करून आला. “चल की, तुझं बी काढू,” असं त्यानं हौशीरामला दहादा म्हटलं असेल. “कार्ड काढाया मी काय मजूर हाय का?” असं हौशीराम परांचीवर उभा राहून, हातातल्या हुकानं तार पिळत पिळत म्हणायचा. पुढं मंडळाकडून लालमहंमदला पत्र्याची पेटी मिळाली आणि भांड्यांचा संच मिळाला. ती लखलखीत पातेली त्याच्या बायकोनं, लालबीनं, फळीवर ओळीनं मांडली. ईदेला शीरखुर्मा प्यायला गेलेला हौशीराम त्या फळीकडंच बघत बसला होता. पातेली चांगली जाड बुडाची होती. घरी आल्यावर त्यानं उगाच बायकोच्या, रतनबाईच्या, भांड्यांना नावं ठेवली.

दोन वर्षांपूर्वी दौंडच्या अलीकडं एका मोठ्या गोदामाचं काम चालू होतं. उंचावर काम करताना बांधायचे कंबरेचे पट्टे ऑफिसात कुलपात होते. मोठ्या साहेबाची गाडी आली की ते बाहेर निघायचे आणि गाडी गेली की आत. चैत्राचं ऊन होतं. दोघं कॉलमच्या टोकाला होते, आणि परांचीच्या बांबूची दोरी सरकली. लालमहंमद खाली फरशीच्या तुकड्यांवर पडला, हौशीराम वाळूच्या ढिगावर. एकाचा पाय गेला, दुसऱ्याचं उजवं मनगट मोडलं.

लालमहंमदला दवाखान्यात नेलं, बातमी तळेगावात पसरली, आणि बघायला माणसांची रांग लागली. हौशीराम दौंडात एका डॉक्टराकडून प्लास्टर घालून, पांढरा शर्ट चढवून घरी आला आणि सांगितलं, “विहिरीच्या पायरीवरनं घसारलो.” आता सुपरवायझर परांचीवरून कसा पडेल? झालं. विहिरीवर घसरलेल्याला बघायला कोण येतो? आठ दिवसांत लोक त्याचं मनगट विसरून गेले. प्लास्टर निघालं तेव्हा हाड वाकडं जुळलं होतं. मूठ वळायची, पण मनगट फिरायचं नाही. आणि तार पिळायची तर मनगटच लागतं. हौशीरामचं काम संपलं, आणि ते संपलं हे सांगायची त्याला सोय नव्हती, कारण ते कधी होतं असंच त्यानं कबूल केलं नव्हतं.

मग सुरू झालं पोटात दुखणं. तळेगावच्या बाजाराला गेला की तो लालमहंमदकडं जायचाच. जायचा आणि जळत परतायचा. लालमहंमद खाटेवर टेकून बसलेला. उशाशी केळी, मोसंबी. दार सतत उघडं, कोण ना कोण आलेलं. लालबी सारखी पुढं-मागं, “पाय वर घेऊ का, उशी देऊ का.” आणि टक्के! डॉक्टरी बोर्डानं लालमहंमदला पंचेचाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला दिला होता, शिक्क्यासकट. तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत भिंतीला लावलेला. हौशीराम त्या पंचेचाळीस आकड्याकडं असा बघायचा, जसा एखादा पोरगा दुसऱ्याच्या मार्कांकडं बघतो. आपल्या मनगटाचे किती झाले असते? पंचवीस? तीस? कुणी मोजलेच नव्हते.

त्यात शिरूरच्या वकीलबाई आल्या, अनुपमा नाव. तरुण, तडफदार, स्कूटीवर फिरणाऱ्या. त्यांनी लालमहंमदच्या वतीनं ठेकेदारावर नुकसानभरपाईचा दावा लावला. तारखा पुण्याच्या कोर्टात. दर तारखेला लालमहंमद स्वच्छ पांढरी टोपी घालून, लालबीला बरोबर घेऊन जायचा. त्याला नाव होतं, ‘अर्जदार.’ आणि आपण? पडलो तर दोघं. हौशीरामला वाटायचं, देवानं सुद्धा रजिस्टर बघूनच माप घातलं.

ठेकेदारानं कोर्टात जे उत्तर दिलं ते मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो म्हणाला, लालमहंमद आमचा मजूर नव्हेच. तो पोटठेकेदार. स्वतः माणसं ठेवून काम करायचा. पुरावा? हे रजिस्टर. याच्या एकट्याच्या नावावर दोन माणसांची रोजंदारी आहे. एकटा माणूस दोन माणसांचं काम कसं करेल? म्हणजे दुसरा माणूस यानं ठेवलेला. आणि स्वतःच ठेकेदार असलेल्याला मजुराची भरपाई कशाची?

अनुपमा वकील दुसऱ्याच दिवशी निमोण्यात हौशीरामच्या दारात हजर झाल्या. ओट्यावर शेजारचे दोघं-तिघं बसले होते.

“काका, सगळा दावा आता तुमच्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “रजिस्टरमधला दुसरा माणूस तुम्ही. निम्मा पगार तुमचा होता, लालमहंमदनी तुम्हाला ठेवलं नव्हतं, दोघं बरोबरीनं मजुरी करत होता, एवढं येऊन सांगा. नाहीतर त्यांना काही मिळणार नाही. तो पाय आयुष्यभर तसाच राहणार आहे.”

हौशीरामनं शेजाऱ्यांकडं पाहिलं. “मजुरी? मी सुपरवायझर हुतो बाई,” तो म्हणाला.

“आणि मनगटाला काय झालं?”

“विहिरीवर घसारलो.”

बाईंनी त्या मनगटाकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि वही मिटली. “विचार करा,” एवढंच म्हणून त्यांनी स्कूटी चालू केली.

हौशीरामनं विचार केला, पण कसला? ‘त्याला काही मिळणार नाही’ हे शब्द त्यानं रात्रंदिवस चघळले. गोड लागले, खोटं कशाला सांगा. लाज वाटायची आणि तरी गोड लागायचे. पंचेचाळीस टक्के, मोसंबी, वकीलबाई, सगळं त्याला, आणि निकाल लागेल तेव्हा भोपळा. बरोबरीत येऊ एकदाचे.

चार दिवसांनी विक्रम आला, गाडी घेऊन. विक्रमचे तीन डंपर त्याच ठेकेदाराकडं मुरमाला लागलेले. तो एरवी चुलत्याच्या ओट्यावर कधी टेकत नसे. त्या दिवशी मांडी घालून बसला.

“आप्पा, शेठनी तुमची आठवण काढली,” तो म्हणाला. “म्हनले, थोरात म्हंजी आपला मानूस. कोर्टात एवढंच सांगायचं, ठेका लालमहंमदचा हुता, पैसं त्याच्या हातात यायचं. आन् यातलं खोटं काय हाय? त्याच्याच हातात यायचं ना?”

“यायचं त्याच्याच हातात.”

“मंग झालं. आन् पाटसजवळ शेठचं नवं काम निघालंय. तिथं तुमाला सुपरवायझर घेतो म्हनले. खरं खरं सुपरवायझर. केबिन, खुर्ची, हातात रजिस्टर.”

‘खरं खरं’ या दोन शब्दांवर विक्रमनं थोडा जास्तच जोर दिला. पण हौशीरामला तेवढं ऐकायचं भान नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर खुर्ची आली होती. वीस वर्षं सांगितलेली थाप एका फटक्यात खरी होणार आणि वर लालमहंमदचे टक्के भिंतीवरच राहणार. असा योग माणसाच्या आयुष्यात दोनदा येत नाही.

ठेकेदाराच्या वकिलानं शपथपत्र तयारच ठेवलं होतं. चार पानांचं, बारीक टायपातलं. “वाचून दाखवू का?” असं वकिलानं विचारलं, तेव्हा विक्रम म्हणाला, “आप्पांना समदं म्हाईत हाय.” हौशीरामनं वाकड्या मनगटानं वाकडी सही केली.

साक्षीच्या दिवशी तो विक्रमच्या गाडीतून पुण्याला गेला. इस्त्रीचा शर्ट, कडक टोपी. कोर्टाच्या व्हरांड्यात लालमहंमद बाकावर बसला होता, कुबडी भिंतीला टेकवून. त्यानं हौशीरामला बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली. हौशीराम उभाच राहिला. लालबीनं तोंड फिरवलं. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या कुबडीला वळसा घालून, जरा हळू होऊन जात होता. आपल्या मनगटापाशी आजवर कुणी हळू झालं नाही, असं हौशीरामच्या मनात आलं आणि त्याची उरलीसुरली चलबिचलही गेली. बोलायचंच, असं त्यानं ठरवलं.

पुकारा झाला. शपथ झाली. ठेकेदाराचा वकील दोन मिनिटांत खाली बसला. त्याचं काम शपथपत्रानं केलं होतं. मग अनुपमा वकील उठल्या. हौशीरामला वाटलं, आता बाई ओरडणार, खोटारडा म्हणणार. त्याची त्यानं तयारी केली होती. पण बाई गोड हसल्या.

“काका, हे शपथपत्र तुमचंच ना?”

“व्हय.”

“यात लिहिलंय, लालमहंमद यांनी मला कामावर ठेवले होते व मी त्यांच्या हाताखाली काम करीत होतो. बरोबर?”

हौशीराम चपापला. ठेका त्याचा, पैसे त्याच्या हातात, इतकं त्याला माहीत होतं. हाताखाली हा शब्द त्याच्या कानावर कुणी घातला नव्हता.

“बोला ना. म्हणजे लालमहंमद तुमचे मालक.”

“मालक… आसं न्हाई…”

“कामावर ठेवतो तो मालकच की. साइटवर त्यांना काय म्हणून हाक मारायचात? मालक, का शेठ?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हौशीरामचे कान तापले. “लाल्या म्हनायचो,” तो म्हणाला.

“असू दे. सळई बांधायचं काम तुम्हाला त्यांनीच शिकवलं असेल, नाही का? मालक आहेत, जाणकार आहेत.”

बाईंनी हे अगदी सहज विचारलं. पण हौशीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. गेली दोन वर्षं त्यानं काय काय सोसलं होतं! मोसंबी सोसली, पातेली सोसली, पंचेचाळीस टक्के सोसले. पण हे? लाल्या आपला गुरू? लाल्या आपल्या डोक्यावर? त्याला खाली ओढायला म्हणून आपण इथं आलो आणि आपल्याच सहीनं त्याला उचलून आपल्या बोकांडी बसवला! शेठ, खुर्ची, केबिन, सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं.

“त्यानं? मला शिकवलं?” त्यानं कठड्यावर डावा हात आपटला. “सायेब, ह्यो लाल्या आला तवा ह्याला हुक धरता येत न्हवता. तार पिळाया गेला की तुटायची. सा म्हैनं मी शिकवलं ह्याला, सा म्हैनं! कॉलमला रिंगा किती अंतरानं मारायच्या ते अजून मला इचारतो. आन् ह्यो माझा मालक? कोन म्हनतं?”

“तुमचं शपथपत्र म्हणतं.”

“जळू द्या ते शपथपत्र! ह्यो कसला मालक, ह्यो मजूर हाय मजूर. माझ्यासारखाच!”

‘माझ्यासारखाच’ हा शब्द सुटला आणि हौशीरामलाच तो मागून ऐकू आला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

“तुमच्यासारखा म्हणजे? तुम्ही मजूर होता?”

शेवटच्या बाकावर विक्रम बसला होता. त्यानं मान हलवून ‘नाही, नाही’ अशी खूण केली. हौशीरामला ती दिसली. पण आता मागं यायचं म्हणजे पुन्हा लाल्याला मालक म्हणायचं. ते त्याच्यानं होणार नव्हतं.

“व्हय सायेब. मी बी मजूर. सळई बांधायचो.”

“मग रजिस्टरला तुमचं नाव कसं नाही?”

“मीच नगं म्हनलो.” त्यानं खाली बघितलं. “गावात थोराताचं नाव मोठं. लाज वाटायची. म्हनून जोडी त्याच्या नावावर लावली. पगार त्याच्या हातात यायचा, निम्मा माझा. दर शनवारी गेटभाईर द्यायचा. वीस वर्सात एक रुपाया कवा मागं ठेवला न्हाई त्यानं.” हेही त्यानं रागानंच सांगितलं; लालमहंमदच्या चांगुलपणाचा सुद्धा त्याला राग होता. “पडलो बी दोघं. त्याचा पाय गेला, माझं ह्ये मनगट. विहिरीवर न्हाई घसारलो. परांचीवरनं पडलो.”

टायपिस्ट खटखट करत होता. हौशीरामनं मान वर केली तेव्हा विक्रमचं बाक रिकामं होतं. खाली आला तर गाडीही गेली होती.

मग एसटी. शिक्रापूरमार्गे तळेगावला जाणारी, दुपारची, खच्चून भरलेली. लालमहंमदला बघून कंडक्टरनं अपंगांसाठी राखीव असलेली सीट रिकामी करून दिली. शेजारच्या आडव्या सीटवर लालबी बसली. हौशीराम दांडा धरून उभा, डाव्या हातानं, कारण उजव्याला जोर लागत नव्हता. एवढं सगळं करून सीट पुन्हा त्यालाच, असं त्याला वाटलंच. बरं झालं वाटलं. नसतं वाटलं तर तो हौशीराम कसला.

वाघोली मागं पडल्यावर लालमहंमद खिडकीकडं सरकला. “बस की. निम्मी जागा तुझी.”

“नगं.”

“बस रं.”

हौशीराम अर्धा टेकला. मग लालमहंमद म्हणाला, “वकीलबाईला म्याच सांगितलं हुतं. म्हनलं, त्याला बाकी काय इचारू नगा, काम कुनी कुनाला शिकवलं एवढंच इचारा.”

हौशीराम त्याच्याकडं बघतच राहिला. “तुला म्हाईत हुतं मी खोटं बोलाया आलोय?”

“म्हाईत न्हाई व्हय! मी पडल्यापास्नं तू माझ्या पायाकडं बघतूस, तोंडाकडं न्हाई. पाय पायजे का तुला? ने. लई ठनकतो थंडीत.”

लालबीनं पदर तोंडाला लावला आणि बाहेर बघितलं. हौशीरामनं पहिल्यांदाच नीट पाहिलं, लालमहंमदची दाढी पिकून पांढरी झाली होती आणि डोळे खोल गेले होते. शरमेनं त्याची मान खाली गेली. मान खाली गेली तर पुन्हा तो पायच दिसला, म्हणून त्यानं समोरच्या दांड्याकडं नजर लावली.

निमोण्यात तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती. विक्रम आधीच येऊन गल्लीत आरडाओरडा करून गेला होता, थोरातांचं नाक कापलं म्हणून. रतनबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. हौशीरामनं टोपी काढली आणि पायरीवर बसला.

“समद्या गावाला कळलं आता,” तो म्हणाला.

“काय कळलं?”

“मी मजूर हाय म्हनून.”

रतनबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “वीस वर्सं तुमची कापडं कोन धुतंय?” ती म्हणाली. “सुपरवायझरच्या कापडाला रोजच्या रोज गंज लागतो व्हय? लिंबू चोळून चोळून माझी बोटं फाटली. ओढ्यावर बाया इचारायच्या, रतनबाई, आज किती कॉलम झालं?”

“बायास्नी म्हाईत हुतं?”

“बायास्नी, बाप्यास्नी, समद्यास्नी. विक्रमला बी म्हाईत हाय, त्यो ल्हान हुता तवापास्नं.”

“मंग बोलली का न्हाईस कवा?”

“पांढरा शर्ट घालून ऐटीत जायचा तुमी. बरं दिसायचं. कशाला मोडायचं?” तिनं दुसरी शेंग घेतली. मग म्हणाली, “आन् विहिरीवर घसारलो म्हनून सांगत सुटलात. आपल्या विहिरीला पायऱ्या कुठं हायेत?”

आपल्या विहिरीला खरंच पायऱ्या नव्हत्या. सिमेंटच्या रिंगा टाकलेली, बादली सोडायची विहीर. म्हणजे ज्या गावापासून नाव लपवलं त्या गावाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रजिस्टरला, कार्डाला, कोर्टाला. जिथं असायला हवं होतं नेमकं तिथं. मनगट मांडीवर ठेवून तो बराच वेळ बसला. त्याला रडू आलं, आणि रतनबाईनं ते बघितल्याचं दाखवलं नाही. सूप उचलून ती आत गेली आणि चहा टाकला.

पाटसचं सुपरवायझरपद अर्थातच गेलं. विक्रमनं बोलणं सोडलं, पण गावात दुसरं काही बदललं नाही, बदलण्यासारखं नव्हतंच. चार महिन्यांनी लालमहंमदच्या दाव्याचा निकाल लागला. लालमहंमद मजूरच होता आणि भरपाई ठेकेदारानं द्यायची, असं कोर्टानं लिहिलं. अनुपमा वकिलांनी शिरूरच्या ऑफिसात बसवून दोघांना निकाल वाचून दाखवला. मधे एक ओळ आली, ‘साक्षीदार हौशीराम तात्याबा थोरात हा स्वतः बांधकाम मजूर असून…’

“पुन्यांदा वाचा,” हौशीराम म्हणाला.

बाईंनी वाचलं.

“अजून एकदा.”

लालमहंमदची भरपाई किती, हे त्यानं विचारलं नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यानं विचारलं, आणि आकडा ऐकून त्याच्या छातीत जुनी कळ उठली. पण बाई म्हणाल्या, “काका, आता तुमचा अर्ज करू. मुदत उलटून गेलीय, उशीर माफ व्हावा म्हणून वेगळी विनंती करावी लागेल. मिळेलच असं मी सांगत नाही. पण या ओळीच्या जोरावर उभं राहता येईल. साक्षीदार कोण देताय?”

“हाय की,” हौशीरामनं शेजारी मान हलवली.

मनगटाच्या टक्क्यांचा दाखला आला, तो अठरा टक्क्यांचा. हौशीरामनं तो उलटासुलटा करून बघितला. “अठराच? त्याला पंचेचाळीस आन् मला अठरा? उजवं मनगट हाय बाई, उजवं!”

“दोनी एकत्र कर,” लालमहंमद कुबडीवर हनुवटी टेकवून म्हणाला. “त्रेसष्ट हुत्यात. निम्मं-निम्मं वाटून घेऊ.”

टायपिस्टनं अर्ज लिहायला घेतला. नाव झालं, गाव झालं. “धंदा काय लिहू? शेती?” त्यानं विचारलं. इतकी वर्षं प्रत्येक कागदावर शेतीच लिहिलेलं. हौशीरामनं इस्त्रीच्या शर्टाची बाही सावरली.

“सळई बांधनारा मजूर,” तो म्हणाला.

कागद छापून समोर आला. वर अर्जदार म्हणून हौशीरामचं नाव, खाली साक्षीदार म्हणून लालमहंमदचं. ते खालचं नाव हौशीरामनं दोनदा वाचलं आणि त्याला बरं वाटलं. मग त्यानं पेन घेतलं. पहिलं अक्षर निघालं, दुसऱ्याला मनगट वळेना. कागद सरकायला लागला. लालमहंमदनं कुबडी खाली ठेवली, पुढं वाकून कागद थोडा तिरका केला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला, परांचीवर रिंग धरायचा तसा. हौशीरामनं आपलं नाव लिहिलं.